मामंजींच्या छातीवरचा बाण

मुंजाजीला नेमकं काय झालंय, हे गेवराईच्या डॉक्टरलाही सांगता आलं नाही. ताप नव्हता, खोकला नव्हता, साखर जागच्या जागी होती. माणूस नुसता दमला होता. डॉक्टरनं छातीला नळी लावली, पापण्या वर करून डोळे पाहिले आणि विचारलं, धंदा काय करता? मुंजाजीनं सांगितलं, उमापूरला ऑनलाईन सेंटर आहे. "मग बरोबर आहे," डॉक्टर म्हणाला, आणि औषधाच्या नावाखाली कागदावर काहीतरी खरडून त्यानं खरा इलाज तोंडी सांगितला. एक दिवस कुठंतरी निघून जा, फोन बंद ठेवा, कुणाशी बोलू नका, पडून राहा. मुंजाजी उठून दारापर्यंत गेला तेव्हा डॉक्टरनं त्याला परत बोलावलं. आपल्या गावाकडच्या जमिनीचा सातबारा ऑनलाईन दिसत नाही, तेवढं जरा बघता का?

मुंजाजीनं बघितलं. तो नाही म्हणू शकत नसे, हाच तर त्याचा आजार होता.

त्याचं सेंटर म्हणजे बसथांब्यामागचा एक गाळा. आत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, अंगठा घ्यायचं यंत्र, गिऱ्हाइकांसाठी लांब बाकडं आणि मनात येईल तेव्हा फिरणारा पंखा. गावचा सातबारा, पीकविमा, लाईट बिल, जातीचा दाखला, पोरीचा परीक्षेचा फॉर्म, सगळं मुंजाजीच्या उजव्या हाताच्या एका बोटातून जायचं. आणि माणसं काही गाळ्यावरच भेटत नसत. न्हाव्यापुढं अर्धी दाढी झालेली असताना भेटत. एकदा तर सावडायला गेलेला असताना, राख अजून गरम होती, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसानं तोंड अगदी दुःखी ठेवून कानात विचारलं होतं, "कावून रे मुंजा, आमचा इमा आजून कसा न्हाई आला?" जणू विम्याची गाडी मुंजाजीनंच वाटेत अडवून धरली होती.

या दमण्याला झोप पुरत नव्हती. दुपारी जेवून आडवं व्हावं तर बोट चादरीवर आपोआप टिचक्या मारी. सकाळी तो उठे तोच आदल्या दिवशीचा होऊन उठे.

डॉक्टरचा इलाज ऐकायला सोपा होता, पण एक दिवस गाळा बंद ठेवायचा तर गाव घरी येऊन बसणार, आणि उघडा ठेवायचा तर बसणार कोण? मुलगी शिवकन्या बीडला नर्सिंगला. राहिली रतनबाई, त्याची बायको. रतनबाई चौथीपर्यंत शिकलेली. अक्षर ओळखायची, पण एकेक अक्षर पारखून घ्यायची, बाजारात वांगी घ्यावीत तशी. नाव शेवटपर्यंत वाचून होईस्तोवर गिऱ्हाईक या पायावरून त्या पायावर आणि परत या पायावर. त्यात कॉम्प्युटरच्या पडद्यावर सगळ्या कामांची चिन्हं सारखीच. सातबाऱ्याला तोच निळा गोल, लाईट बिलाला तोच, दाखल्याला तोच. खाली बारक्या अक्षरात नावं, तीही निम्मी इंग्रजीत. आता काय करावं, असं म्हणत मुंजाजी एका संध्याकाळी अंगणात बसला होता. तेवढ्यात मेंढरं परत आली. त्याचा बाप म्हाळू गेला तरी त्याची थोडी मेंढरं घरात होती, चुलतभाऊ चारून आणायचा. रतनबाईनं चुलीपुढूनच मान वळवून बघितलं आणि ओरडून विचारलं, कानफाटी कुठं राहिली? कळप अजून दारातून आत शिरतच होता. मुंजाजीला सगळी मेंढरं आजही मेंढरंच दिसायची. त्यानं विचारलं, तुला कळतं कसं गं?

"तोंडावरून," रतनबाई म्हणाली. "आनि कशावरून?"



दुसऱ्या दिवसापासून मुंजाजीनं कॉम्प्युटरला तोंडं द्यायला सुरुवात केली. ही विद्या त्याला अर्धवट ठाऊक होती. चिन्हावर उजवं बटण दाबायचं, खाली प्रॉपर्टीजमध्ये जायचं, तिथं आयकॉन बदलायची सोय असते. पण तिथं फोटो सरळ चालत नाही. तो आधी आयकॉनच्या साच्यात बसवून घ्यावा लागतो, आणि साच्यात बसला की नखाएवढा होतो. पहिल्यांदा त्यानं शेळीमेंढीच्या योजनेसाठी घरचा अख्खा बोकड उभा टिपला. पडद्यावर तो बटाटा दिसला. मग कळलं, की वस्तूच्या अगदी तोंडाशी जाऊन फोटो घ्यायचा.

तो गावभर फोन उचलून हिंडू लागला. गावाला वाटलं मोजणी आली. लाईट बिलासाठी त्यानं विजेच्या डीपीचा फोटो घ्यायला सुरुवात केली आणि तेवढ्या वेळात आसपासच्या घरांनी तारांवर टाकलेले आकडे काढून घेतले. मुंजाजी परत फिरल्यावर ते पुन्हा पडले. सातबाऱ्याला त्यानं बांधावरची बाभूळ लावली, कारण तिच्यावरून त्याचं आणि शेजारच्या बांधकऱ्याचं बोलणं बंद होतं आणि सातबारा म्हटलं की घरात आधी तीच आठवायची. पीकविम्याला काळवंडलेलं कापसाचं बोंड. झेरॉक्सला शेळीची दोन जुळी करडं. हे चित्र रतनबाईला फार आवडलं. एक करडू टाकलं की दोन निघतात, हे तिला सांगावंही लागलं नाही.

रोज दिवेलागणीला गाळ्याचं दार अर्धं ओढून शिकवणी चाले. मुंजाजी कामाचं नाव घेई, रतनबाई चित्रावर बाण नेऊन दोनदा टिचकी मारी. तिला मजा वाटायला लागली होती. एकदा तिनं विचारलं, की प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात हा बारका वाकडा बाण कशाचा? मुंजाजीनं सांगितलं, तो आपण लावलेला नाही, कॉम्प्युटर आपला आपण लावतो. त्याचा अर्थ असा, की खरी वस्तू दुसरीकडं असते, हे चित्र म्हणजे तिकडं जायची नुसती वाट. रतनबाईनं बोकडाच्या दाढीशी आलेला बाण नीट बघितला आणि बरं म्हणाली.

शेवटी एकच काम राहिलं, हयातीचा दाखला. पेन्शनचा पगार खाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी वर्षाकाठी येऊन आपण जिवंत आहोत, असं अंगठा लावून सांगायचं, ते काम. याला चित्र कोणतं लावावं? जिवंतपणाचा फोटो काढायचा तर कशाचा काढायचा? पण खरं तर मुंजाजीला विचार करावाच लागला नाही. हयातीचा दाखला म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढं बापच यायचा.

म्हाळू दरवर्षी या कामाला लग्नाला निघाल्यासारखा निघायचा. धुतलेलं धोतर, लाल फेटा, खांद्यावर घोंगडी. पोराचं दुकान म्हणून पुढं घुसायचा नाही. बाकड्यावर आपला नंबर धरून बसायचा. आणि नंबर आला की यंत्र त्याचा अंगठा घ्यायचं नाही. जन्मभर लोकर कातरून बोटांवरच्या रेषा पुसून गेलेल्या. मुंजाजी अंगठा पुसून घ्यायचा, परत लावायचा, यंत्र परत नाही म्हणायचं, आणि म्हाळू बाकड्यावरच्या मंडळींकडं वळून म्हणायचा, "मेंढरान्ला दिसतो मी. ह्याच्या मिशनीला दिसंना."

अशाच एका वर्षी मुंजाजीनं त्याचा फोटो काढला होता. तोच त्यानं साच्यात बसवला. तोंड छान आलं, फेटा ओळखू आला. फक्त तो कोपऱ्यातला बाण नेमका छातीवर बसला. मुंजाजीनं तिकडं लक्ष दिलं नाही. डॉक्टरचा इलाज घ्यायला दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं कपिलधारला निघायचं होतं आणि त्याचं अर्धं मन केव्हाच धबधब्याखाली जाऊन बसलं होतं. त्यानं रतनबाईला बोलावलं आणि दाखवलं, हे हयातीच्या दाखल्याचं. रतनबाईनं पदर डोक्यावर घेतला, खाली बघितलं आणि बारीक आवाजात म्हणाली, "कळलं." ती रोजच्यासारखी खुर्चीत न बसता उभीच राहिली होती, हे मुंजाजीच्या ध्यानातच आलं नाही.

निघताना रतनबाईनंच त्याचा फोन बंद करून पिशवीत भाकरीखाली ठेवला. काही झालं तरी काढायचा नाही, असं बजावलं.

उमापूरहून गेवराई, गेवराईहून बीड, तिथून मांजरसुंब्याकडची जीप. सगळ्या वाटेनं मुंजाजी खिडकीला डोकं आपटत झोपला. कपिलधारला यात्रा नव्हती, त्यामुळं गर्दी नव्हती. देवाला तोंड दाखवून तो पाण्याशी गेला. धार बारीक झाली होती, ती पण दमल्यासारखीच पडत होती. त्याला बरं वाटलं. सावलीतल्या एका दगडावर अंबाजोगाईकडचा एक गृहस्थ बसलेला होता. त्यानं हसून जागा दिली, चुना पुढं केला आणि विचारलं, आपण काय करता? मुंजाजीनं चुना नखावर घेतला. सेंटर म्हणावं तर आत्ता या माणसाच्या पिशवीतून एखादा कागद निघणार.

"मेंढरं राखतो," तो म्हणाला.

गृहस्थानं मान हलवली आणि पुढं एक अक्षर विचारलं नाही. मेंढक्याला कुणी काही विचारत नाही, हे मुंजाजीला तेव्हा पहिल्यांदा कळलं. बापाचा चेहरा एवढा निवांत का असायचा, त्याचा थोडा उलगडा झाला. मग तो दगडावर आडवा झाला आणि असा झोपला, की सावली सरकून दुसरीकडं गेली तरी उठला नाही. उठला तेव्हा उन्हानं एक गाल भाजला होता. बोट मात्र पोटावर गप पडून होतं. त्यानं भाकरी खाल्ली, फोनला हात लावला नाही, आणि परतीच्या गाडीत बसताना मनात हिशोब मांडला, की आता रतन सगळं करते आहे तर महिन्यातून असा एक दिवस मिळायला हरकत नाही. नुसत्या त्या विचारानंही त्याचे खांदे खाली आले.

उमापूरला उतरला तेव्हा दिवस मावळला होता. गाळ्यात ट्यूब जळत होती. आणि बाकड्यावर माणसं बसलेली होती.

खांदे परत वर गेले. मुंजाजी जिथल्या तिथं थांबला. बायडाबाई होती, वस्तीवरून काठी टेकत येणारी. म्हाळूचा जन्माचा दोस्त बंकटतात्या होता. आणखी दोघंचौघं म्हातारे होते. सगळी हयातीच्या दाखल्याची गिऱ्हाइकं, आणि मुदत उद्यापर्यंतच. म्हणजे सकाळपासून हे इथंच. नवल एवढंच, की त्याला बघून कुणी अंगावर आलं नाही. चहाचे रिकामे कप बाकड्याखाली लोळत होते आणि रतनबाई डोक्यावर पदर घेऊन खुर्चीच्या बाजूला उभी होती.

तिनं आधी सगळी जंत्री सांगितली. सातबारे निघाले, बिलं भरली, जुळ्या करडांनी तर दिवसभर उसंत घेतली नाही. एकही चूक नाही, कुणी बोललं नाही. तेवढे हे राहिले.

"कावून राहिले?" मुंजाजीनं पिशवी खाली ठेवत विचारलं. "चित्र दिसलं न्हाई का?"

"दिसलं," रतनबाई म्हणाली. "म्हणून तर राहिले."

मग सगळे मिळून सांगायला लागले, ते जोडून घेतल्यावर प्रकार असा होता. सकाळी पहिली बायडाबाई आली. रतनबाईनं बाण नेला तो बरोबर मामंजींपर्यंत नेला, आणि तिथं तिचं बोट अडलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती सासऱ्यापुढं कधी मोठ्यानं बोलली नव्हती. त्यानं बाहेर खाकरलं की आत पदर वर जायचा. बाजेवर झोप लागलेली असली आणि चहा निवत असला, तर ती भांडी आपटायची, पण हात लावून उठवायची नाही. आणि आता त्याच्या छातीवर टिचकी मारायची? तीही दोनदा? तिनं बायडाबाईला सांगितलं, तुम्ही मारा. बायडाबाई म्हणाली, मला नाही जमत बाई तुझं ते उंदराचं. मग बंकटतात्या आला. तो म्हणाला, त्यात काय, मी मारतो. खुर्चीत बसला, चष्मा पुसला, पडद्याशी तोंड नेलं. "म्हाळ्या, बे," एवढंच म्हणाला. नंतर त्यानं माऊस हळूच बाजूला सारून ठेवला.

कुणी म्हणालं मुंजाला फोन लावा. रतनबाईनं सांगितलं, फोन बंद आहे, आणि चालू असता तरी लावू दिला नसता. त्यांना झोपू द्या. कुणी म्हणालं शेजारच्या चकलांब्याच्या सेंटरला जाऊ. पण उठलं कुणीच नाही. कारण तोपर्यंत बंकटतात्यानं म्हाळूच्या गोष्टी काढल्या होत्या, आणि एकदा त्या निघाल्यावर रतनबाईला चहा ठेवणं भाग पडलं, आणि चहावर आणखी गोष्टी निघाल्या. दिवस असा गेला.

मुंजाजी खुर्चीत बसला. पडद्यावर बाप फेटा बांधून नंबर धरून बसला होता. दिवसभरात मिळवलेली सगळी विश्रांती अंगातून गळून चालल्यासारखी वाटली. त्याला चिडायचं होतं, पण चिडायलाही अंगात बळ लागतं.

"अगं, फोटो हाय तो," तो म्हणाला.

"फोटोला पाय लागला तर पाया पडता ना तुमी?" रतनबाई हळू आवाजात म्हणाली. पडद्यासमोर होती ना. "मग टिचकी कशी मारू? आन तुमी तर तेन्च्या छातीत बाण मारून ठिवलाय."

मुंजाजीनं बघितलं. बाण खरंच छातीत होता. बाकडंही पुढं झुकून बघायला लागलं.

"आनि जिता हाय म्हणून लिहून घ्यायचं ते गेलेल्या मान्साला दाबून," बायडाबाई म्हणाली. "माझा जीवच बसला बाई ते बघून. म्हणलं, आपला कागद कुन्या हापिसात जातोय कुनाला ठावं."

 खरा माणूस दुसरीकडं, इथं नुसती वाट, असं मुंजाजीनंच शिकवलं होतं. या वाटेनं जायला ही म्हातारी माणसं बिचकली, तर त्यात त्यांचं काय चुकलं?

चित्र बदलायचं ठरलं. कुणाचं लावायचं यावर बाकड्यात बाचाबाची झाली. बायडाबाईनं आपलं तोंड पुढं केलं. बंकटतात्या म्हणाला, तुझं लावलं तर वर्षभरात परत बदलावं लागेल. बायडाबाई म्हणाली, मग तुझं लावून तरी काय, तुझा तर अंगठापण आत्तापासूनच लटपटतोय. एकानं नातवाचा फोटो सुचवला, पण त्या नातवावर टिचकी मारायची कल्पना त्यालाच सहन होईना.  सगळ्यांचं झाल्यावर रतनबाईनं पदर सावरला.

"तुमचाच टाका की," ती नवऱ्याला म्हणाली.

"माझा?"

"तुमाला टिचकी मारायला मला काय बी वाटनार न्हाई."

"आन सवय बी हाय," बंकटतात्या म्हणाला, आणि सबंध बाकडं हललं. खुद्द मुंजाजीही हसला, पण त्याचं हसू जांभईतच विरघळलं.

भाकरीखालचा फोन निघाला, सुरू झाला. सुरू होताच तो दिवसभराच्या राहिलेल्या हाका एकामागून एक वाजवू लागला. रतनबाईनं त्यांच्याकडं बघितलंही नाही. फोन समोर धरून म्हणाली, नीट बसा, वर बघा. मुंजाजी वर बघे, पण डोळे वर येत नसत. एक गाल लाल, केस प्रवासानं उभे.

"डोळे उगडा," ती म्हणाली. "जिवंत दिसा जरा."

त्यानं जमेल तेवढं केलं. निघालेल्या फोटोत डोळे अर्धेच उघडे होते, पण पुन्हा काढायचं कुणाच्या मनात आलं नाही. मुंजाजीनं तो साच्यात बसवला, म्हाळूच्या फोटोवर उजवं बटण दाबलं. त्याआधी नकळत त्याचाच हात क्षणभर कपाळाकडं गेला. मग बाप पडद्यावरून गेला आणि त्याच्या जागी लेक आला, दमलेला, छातीत बाण घेऊन. बाणाबद्दल यावेळी कुणाची तक्रार नव्हती.

रतनबाईनं डोक्यावरचा पदर खाली घेतला, कमरेला खोचला आणि म्हणाली, उठा. खुर्ची तिची होती. मुंजाजी उठला, जरा टेकतो म्हणून बाकड्याच्या टोकाला बसला. म्हाताऱ्यांनी सरकून जागा दिली. तो बंकटतात्याच्या खांद्याला कलंडला, तो तसाच राहिला. रतनबाईनं बाण नेला आणि नवऱ्याच्या छातीवर दोनदा चांगली ठणकावून टिचकी मारली. पान उघडलं. बायडाबाईचा अंगठा पुसून यंत्रावर ठेवला. यंत्रानं थोडे आढेवेढे घेतले आणि मग मान्य केलं.

कागद निघून हातात आला तरी बायडाबाई हलली नाही. तिनं पडद्यावरचा मुंजाजी बघितला, मग वाकून बाकड्यावरचा बघितला. तोंड उघडं, हात लोंबकळता, बोट अगदी गप.

"हा हाय ना गं?" तिनं आवाज खाली आणून विचारलं.

रतनबाईनं मान वळवली नाही. पुढचा अंगठा पुसत होती.

"हाय," ती म्हणाली. "घोरतोय ना. कुनी उठवू नका."